सासूबाईंची गुटी

आमच्या आळीत कुणाचं पोर पडलं, कुणाचा हात भाजला, कुणाच्या नाकात हरभरा गेला, की अजून मला बोलावणं येतं. गुडघे धरलेत, दोन पायऱ्या चढले की धाप लागते, पण बोलावणं आलं की मी उठते. लोक म्हणतात, म्हातारीच्या हाताला गुण आहे. कसला गुण नि कसलं काय! मला चार गोष्टी येतात, झालं. भाजल्यावर शाई फासायची नाही, गार पाण्यात हात धरून बसायचं. चिरलं तर उकळून वाळवलेल्या फडक्यानं घट्ट दाबायचं आणि दर क्षणाला उघडून बघायचं नाही. घोळणा फुटला तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून नाक चिमटीत धरायचं. आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात कुणी मायेनं दूध ओतायला लागली, तर तिचा हात धरून तिला खोलीबाहेर काढायचं.

एक प्रश्न मात्र मी सगळ्यांना विचारते आणि त्यापायी मला खवट म्हणतात. "खरं काय झालं ते सांग." पोराची आई म्हणते, "काही नाही हो काकू, आपोआपच झालं." आपोआप! माझे हात चालू राहतात आणि तोंडही चालू राहतं, ती खरं सांगेपर्यंत मी तिला सोडत नाही.

हे मला दोघांनी शिकवलं. एक समोरचे कंपाउंडर आणि दुसऱ्या माझ्या सासूबाई. दोघंही आता नाहीत. कंपाउंडरांचे उपकार मी येईल-जाईल त्याला सांगत आले. सासूबाईंचे सांगायला माझी जीभ जड झाली, म्हणून आता लिहायला बसले आहे.

धारहून लग्न होऊन मी देवासला आले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एका गावाला दोन राजे असू शकतात. थोरली पाती आणि धाकटी पाती. अमकी आळी या पातीची, तमकी त्या पातीची. आमच्या रस्त्याची तर अशी गंमत की आमच्या ओळीची घरं एका पातीत आणि समोरच्या ओळीची दुसरीत. आमची कुठली ते सांगत नाही. इतक्या वर्षांनीही कुणीतरी भांडायला यायचा! मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या पातीच्या कचेरीत होते. समोरचे कंपाउंडर त्यांच्या पातीच्या दवाखान्यात. त्याआधी ते महूला पलटणीच्या इस्पितळात होते, म्हणून निम्मं बोलणं हिंदीत. दोन्ही घरं मराठी, दोन्ही चुलींवर तीच आमटी, पण बोलणंचालणं बंद.

कारण ऐकाल तर हसाल. उन्हाळ्यात आमचा गडी दारापुढे पाणी शिंपत होता, ते रस्त्याच्या मध्यापलीकडे हातभर गेलं. कंपाउंडर ओट्यावरून म्हणाले, "भिया, तुमच्या राज्याचं पाणी आमच्या राज्यात शिरलं, परवाना कुठाय?" चेष्टा होती ती. मामंजींना चेष्टा कळत नसे. आत येऊन त्यांनी फर्मान काढलं, त्या घराची पायरी कुणी चढायची नाही. तीन वर्षं कुणी चढलं नाही.

आता गुटीचं सांगते. आपल्याकडे तान्ह्या पोराला सकाळी गुटी देतात. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा असं एकेक उगाळायचं, कशाचा एक वळसा, कशाचे दोन. आमच्या घरात गुटी सासूबाईंच्या हातची, दुसऱ्या कुणाला सहाणेला हात लावायची परवानगी नव्हती. आणि काय गुण होता हो तिला! पोर गुटी प्यायलं की तासन् तास शांत. आळीतल्या बायका विचारायला यायच्या, "काय घालता हो?" सासूबाई नुसत्या हसायच्या. म्हणायच्या, "मन लावून उगाळते, दुसरं काय!" आणि मग हटकून पुढचं वाक्य यायचं, "आमच्यात पोरांना अफू देत नाहीत. ते इथल्या मालवी बायकांचं."

अफू माळव्यात कुणाच्या घरी नव्हती? शेतात बोंडांना चीर देऊन चीक काढायचे दिवस आले, की बायका तान्ह्यांना तिळाएवढी चाटवून झाडाखाली निजवत आणि दिवसभर कामाला लागत. पाहुण्यापुढेसुद्धा पानसुपारीसारखी यायची. आमच्याकडे मामंजींच्या गुडघ्यांसाठी एक पितळी डबी कोनाड्यात असे. त्या डबीला घरातल्या दोन बायका गुपचूप हात लावत होत्या आणि एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं.

त्यातली एक मी. माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होता. दात येत होते, रात्रंदिवस किरकिर. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं, चाळीसएक बायका यायच्या होत्या. आरास मांडायची, हरभरे भिजवलेले, कैऱ्या किसायच्या, आणि हा कडेवरून उतरेना. आमची भांडेवाली मालवी होती, चार पोरं वाढवलेली. ती म्हणाली, "थोडीक अफीम चटाई दो, बई, छोरो सोई जायगो." मी तिच्यावर डोळे वटारले. ती परसात गेल्यावर मी डबी उघडली, मोहरीएवढी अफू बोटावर घेतली आणि त्याला चाटवली. त्यानं बोट चोखलं, तोंड वाकडं केलं. पाव घटकेत निजला. मला इतकं हलकं वाटलं, की मी गाणं गुणगुणत आरास मांडली. आठवलं की आजही माझा मला राग येतो.

सासूबाई सोवळ्यात स्वयंपाक करत होत्या. दुपार झाली. माझं अंग दुधानं भरून आलं, चोळी ओली झाली, आणि मग लक्षात आलं की पोरानं प्यायला मागितलंच नाही. जाऊन उचललं तर मान लुळी. छातीशी धरलं तर ओठ हलेनात. ओठ निळसर दिसत होते. श्वास एक यायचा, घशात घर्र व्हायचं, आणि पुढचा येईल की नाही असं वाटेपर्यंत थांबायचा.

मी ओरडले असेन. घरात पुरुषमाणूस नव्हतं. मामंजी कचेरीत, आणि इकडची स्वारी मोजणीच्या कामावर सोनकच्छकडे गेलेली. आमच्या पातीचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. भांडेवालीनं नुसता हात समोर केला, रस्त्यापलीकडे. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "कुठे निघालीस? त्या घरात?" सुनेनं एकटीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा तो काळ नव्हता. मी अनवाणी, उघड्या डोक्यानं, तापलेला रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात गेले.

कंपाउंडर जेवून लवंडले होते. मला बघून उठून बसले, काही विचारलं नाही, पोराला माझ्याकडून घेऊन उजेडात नेलं. पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"काय दिलंत?"

"काही नाही," मी म्हणाले.

बघा! पोर मरायला टेकलंय आणि आई म्हणते काही नाही. कंपाउंडर शांतपणे म्हणाले, "देखो सूनबाई, मी पोलीस नाही. मला खरं कळलं तरच माझे हात चालतील." तेव्हा मी सांगितलं. मोहरीएवढी, एकदाच, सकाळी. ते विचारात पडले. "मोहरीएवढी म्हणजे थोडी जास्त झाली. पण एवढ्यावर बहुतेक उतरते. गडबड नको करायला. कडेवर घेऊन बसा, हळूहळू जागा होईल." त्यांच्या बायकोनं मला पाट दिला. मला वाटलं, वाचलो. मी पोराला मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालायला लागले.

तेवढ्यात दार काळवंडलं. सासूबाई उभ्या होत्या, बाहेर ओट्यावरून त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं. सोवळ्याचं रेशमी लुगडं नेसलेल्या, हाताला कणीक, आणि त्या रस्त्यातून चालत आल्या होत्या. सोवळ्यातल्या सासूबाई आपल्या सावलीलाही जपायच्या. त्या उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि कंपाउंडरांच्या समोर, परपुरुषाच्या समोर, तोंड वर करून बोलल्या.

"मीही दिलीय. आंघोळीआधी, गुटीतून. रोज एक वळसा देते. आज दात म्हणून तीन दिले."

माझ्या सासूबाईंचा आळीतला सगळा मान त्या गुटीत होता, आणि तो त्यांनी एका वाक्यात जमिनीवर ओतला. शत्रूच्या घरात, सुनेच्या देखत. गप्प राहिल्या असत्या तर जगात कुणाला कळलं नसतं. मुलगा गेला असता आणि दोष माझ्या मोहरीला लागला असता.

कंपाउंडर ताडकन उठले. "अरे बाप रे! उठा! निजू द्यायचं नाही याला!" पोराला माझ्या मांडीवरून ओढून घेतलं. ओला पंचा छातीवर, तोंडावर सपकन मारायला लागले. मला म्हणाले, "तळपाय चोळा. जोरात. रडला तर रडू द्या, रडायलाच पाहिजे." त्यांची बायको बिचारी तूप कालवलेलं दूध घेऊन धावत आली. ते तिच्यावर असे खेकसले, "फेक ते! गिळता येत नाही त्याला, छातीत जाईल!" तिच्या हातातून वाटी पडली.

आम्ही चोळत राहिलो. पोर एकदा कण्हलं. मग श्वास आला, थांबला, आणि पुढचा आलाच नाही.

कंपाउंडरांनी त्याला पाटावर उताणं ठेवलं, मानेखाली पंच्याची छोटी घडी सरकवली, खाली वाकून त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेतलं आणि हलकी फुंकर मारली. इवलीशी छाती वर आली. "असं," ते मला म्हणाले, "गालात मावेल तेवढीच हवा. पोट भरून फुंकाल तर फुटेल. मी बोटं उचलली की फुंका." मी वाकले. किती वेळ ते कळलं नाही. फुंकर, थांब, फुंकर, थांब. मधूनच त्याचा स्वतःचा एक श्वास यायचा, मग पुन्हा काही नाही. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी भिंतीला टेकले.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

ज्या बाईनं जन्मात कुणाचं उष्टं भांडं हातात धरलं नव्हतं, ती सोवळ्यात जमिनीवर पालथी झाली आणि लाळेनं भरलेल्या त्या तोंडाला तिनं तोंड लावलं. कंपाउंडरांचं बोट वर गेलं की फुंकर. एकदाही चुकल्या नाहीत. मी दम खाऊन पुढे आले की त्या सरकायच्या, मी थकले की मी सरकायची. देवाचं नावसुद्धा घ्यायला तोंड मोकळं नव्हतं!

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा कुठे श्वासामागून श्वास यायला लागला. ओठांचा रंग फिरला. कंपाउंडरांनी पुन्हा पंचा मारला आणि पोरानं असं भोकाड पसरलं की बस. मी ढसाढसा रडले. कंपाउंडरांची बायको रडली. सासूबाई लुगड्याच्या पदरानं त्याची लाळ पुसत होत्या. तेवढ्यात त्यानं त्यांच्या रेशमी सोवळ्यावर धार सोडली. कंपाउंडर म्हणाले, "वाह भिया! आता पक्का जगला!" आम्ही रडत रडत हसलो.

तरी त्यांनी आम्हांला लगेच सोडलं नाही. अंमल पुन्हा चढतो म्हणाले, दिवेलागणीपर्यंत डोळा लागू दिला नाही त्याला. निघताना मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "माझ्या नको. तुझी सासू बोलली म्हणून वाचला. मी तर त्याला झोपूच देत होतो." स्वतःची चूक अशी सरळ सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमच्या ओट्यावर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची गर्दी जमली होती, मामंजी कचेरीतून येऊन त्यांच्यात उभे होते. रस्त्याच्या मध्यावर सासूबाई थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐक. अफू मी दिली. सगळी मी. तू तोंड उघडायचं नाहीस."

"पण सासूबाई..."

"मला काय करतील? या वयात कुठे घालवतील? तुला धारला पाठवतील आणि पोर इथे ठेवून घेतील. माझ्या जावेच्या सुनेचं झालंय तसं. चल आता."

आणि ओट्यावर चढून चाळीस बायकांपुढे त्यांनी सांगितलं, गुटीत मी अफू घालत होते, आज जास्त झाली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी पोराला छातीशी धरून उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

मामंजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं, "यापुढे पोर हिच्या हाती द्यायचं नाही." आणि त्यांचं फर्मान म्हणजे फर्मान. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः रस्ता ओलांडला, कंपाउंडरांपुढे हात जोडले, तीन वर्षांचा अबोला संपला. पुढे मी त्यांच्याकडे जाऊन कितीतरी शिकले, पट्टी कशी बांधायची, मोडलेल्या हाताला फळी कशी लावायची. त्यांना माझी मोहरी ठाऊक होती. त्यांनी ती कधी, कुणापुढे काढली नाही.

पण माझा मुलगा रांगत रांगत आजीकडे जायचा आणि सासूबाई हात पदराखाली घ्यायच्या. तो त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहायला शिकला. त्या त्याला उचलत नसत. मामंजी घरात नसतानासुद्धा नाही. एकदा मी म्हणाले, "आता कुणी नाही, घ्या ना." त्या म्हणाल्या, "सवय लागेल त्याला. आणि मला." आणि उठून आत गेल्या. अडीच वर्षं हे मी बघितलं. रोज ठरवायची, आज सांगीन. रोज धारचा रस्ता डोळ्यांपुढे यायचा. मी भित्री होते, आणि त्या भित्रेपणाची झळ त्यांना लागत होती.

दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी धारला गेले, तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती माझ्यावर जीव टाकणारी. ती म्हणाली, "झालं गेलं. आता बोलून आपल्या संसारात बिब्बा घालू नकोस." माझी सख्खी आई मला गप्प बसायला सांगत होती, आणि जिनं मला गप्प बसवलं होतं ती तिकडे रिकाम्या हातांनी बसली होती. त्या मुक्कामात मला मुलगी झाली. मी तिला पाजत होते आणि तिच्या आजीचे पदराखालचे हात मला दिसत होते.

तीन महिन्यांनी बैलांच्या दमणीतून देवासला आले. दारात भाकरतुकडा ओवाळला. सासूबाई मागे, खांबाशी उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळणाऱ्या शेजारणीनं सहज म्हटलं, "आजीच्या ओटीत द्या हो नात." मामंजी पटकन म्हणाले, "नको. तिच्याकडे नको."

मी म्हणाले, "मामंजी, त्या दिवशी मीही दिली होती. त्यांनी दिली ते त्यांनी कंपाउंडरांना सांगितलं, म्हणून हा वाचला. माझी चूकही त्यांनी आपल्या अंगावर घेतली. मला धारला पाठवायचं तर दमणी अजून दारात आहे. पण मुलगी आधी आजीकडे जाईल."

सुनेनं सासऱ्यापुढे एवढं बोलणं त्या ओट्यानं कधी ऐकलं नसेल. इकडची स्वारी दमणीतून सामान उतरवता उतरवता तशीच उभी राहिली. मामंजी माझ्याकडे बघत राहिले, मग सासूबाईंकडे. शेवटी ते बाजूला झाले आणि उंबऱ्याची वाट मोकळी केली.

सासूबाईंनी हात पुढे केले नाहीत. त्या माझ्यावरच उखडल्या. "मूर्ख कुठली! कुणी सांगितलं होतं बोलायला?" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रागानं आवाज चिरकत होता. "दारात कसली उभी राहिलीस कीर्तन करत? ऊन लागतंय पोरीला. आण ती इकडे."